मैनेचा निळा दोरा

चहा बशीत ओता, पण तोंडात घोट असताना हे ऐकू नका. मागे एकदा सांगितलं तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा राग ते अजून धरून आहेत.

तसा गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण तो माणसांच्या बाबतीत. हा गाईच्या बाबतीतला, आणि तोही भर दुपारी, लख्ख उन्हात!

आधी मी कोण ते ऐका, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. माझी सगळी नोकरी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावोगाव प्रयोग दाखवत फिरतो. पाण्याने दिवा पेटवतो, नारळातून धूर काढतो, जिभेवर कापूर जाळतो, आणि मग सांगतो की बाबांनो, यात मंत्र नाही, रसायन आहे. आम्ही बौद्ध. अंगारा, गंडा, उतारा यांना आमच्या घरात माझ्या आजोबांपासून प्रवेश नाही. आमच्याकडे लिंबू फक्त पोह्यांवर.

शिंदखेडा तालुक्यात कुणाच्या घरात भांडं आपोआप पडलं की लोक आधी मला बोलावतात. मी जातो, मांजर दाखवतो, परत येतो. माझ्यामागून ते मांत्रिकाला बोलावतात ही गोष्ट वेगळी.

आता मैना. मैना ही आमची गाय. आमची कसली, विमलची! विमल म्हणजे माझी बायको. मैना आमच्याच गोठ्यात जन्मली, विमलने बाटलीने दूध पाजून वाढवली. पहिलं वेत छान झालं. त्यानंतर बाई जी रुसली, ती माजावरच येईना. हंबरणं नाही, चुळबूळ नाही, काही नाही. गव्हाणीशी उभी राहून भिंतीकडे बघत बसायची.

मी म्हणालो, "आहारात कमी आहे. बघ, मी करतो."

आणि केलं हो! मिनरल मिक्सचर आणलं. मोड आलेला हरभरा सुरू केला. वर गुळाचा खडा. मैनेला ते इतकं आवडलं की माझ्या सदऱ्याच्या खिशात हरभरा आहे हे तिला लांबूनच कळायचं. मोकळी सोडली की माझ्या मागे मागे यायची. अंगावर तेज आलं, केस चमकायला लागले. माज मात्र आला नाही.

विमल म्हणाली, "डॉक्टरले बलावा ना. आते हार्मोनना उपाय शेतस म्हने."

"हार्मोन?" मी भाषणाच्या आवाजात म्हणालो. "निसर्गात ढवळाढवळ मला चालणार नाही. संक्रांतीपर्यंत वाट बघू. नाही आली माजावर, तर विकू. भाकड जनावर किती दिवस बांधून ठेवायचं?"

विमल काहीच बोलली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली की मला भीती वाटते, आणि ही भीती मात्र शास्त्रीय आहे, अनुभवाने सिद्ध झालेली.

त्यात दोंडाईच्याच्या बाजाराचा एक व्यापारी येऊन मैनेच्या पाठीवर हात फिरवून गेला. त्या दिवशी विमल जेवली नाही.

पुढे मला धुळ्याकडे कार्यक्रम मिळाला. 'करणी आणि भानामती यांमागचं विज्ञान'. विषय लक्षात ठेवा. दोन मुक्काम झाले, टाळ्या मिळाल्या, वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दिवेलागणीला गावच्या फाट्यावर उतरलो.

आमचं घर शिवारात. फाट्यापासून वाट पऱ्हाटीमधून जाते. कापूस वेचून झालेला, पानं गळालेली, नुसत्या काळ्या काड्या उभ्या. वारा आला की त्या एकमेकींवर घासतात आणि कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय असं वाटतं. मला नाही वाटत. लोकांना वाटतं.

गोठ्यापाशी आलो आणि थांबलो.

बाभळीच्या फांदीवर एक हात होता.

हसू नका! हात म्हणजे हात. पाच बोटं, मनगट, कोपर, पार खांद्यापर्यंत. खाली माणूस नाही. अंगातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. आणि तो हात हळूहळू वर उचलला गेला, बोटं फुगली, आणि त्याने मला 'ये, ये' असं केलं.

वारा थांबला. हात खांद्यापासून मोडल्यासारखा खाली लोंबला.

तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही विज्ञानवादी, जवळ जाऊन निरीक्षण केलं असेल. केलं ना. घरात जाऊन, कडी लावून, खिडकीच्या फटीतून.

विमलला काय सांगणार? ज्या माणसाने कालच व्यासपीठावरून 'भीती ही अज्ञानाची लेक आहे' असं म्हटलं, तो 'अगं, बाभळीवर हात आहे' कसं म्हणेल? मी गुपचूप जेवलो. ती वाढता वाढता माझ्याकडे बघत होती. मी बघितलं की नजर काढून घेत होती.

सकाळी हात नव्हता. पण उकिरड्याच्या कडेला माती ताजी उकरून पुन्हा बुजवलेली होती.

गोठ्यात गेलो. मैनेच्या खुंट्याभोवती पांढऱ्या भुकटीचं गोल रिंगण. तिच्या शेपटीखाली लालसर तपकिरी ओघळ, वाळून खपली धरलेले. मैना भिंतीकडे बघायची थांबली होती. ती आता थेट माझ्याकडे बघत होती.

मी स्वतःला म्हणालो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. आणि ते कारण न शोधता गोठ्याबाहेर आलो.

त्याच संध्याकाळी विमलचा आवाज ऐकला. गोठ्याच्या मागे, फोनवर, अगदी कुजबुजत. बाहेरच्या माणसाशी बोलताना ती जरा शुद्ध बोलते, म्हणजे समोर कुणीतरी मोठं होतं.

"हो मॅडम. वस्तू आतच आहे, हलली नाही. दोरी दिसते ना बाहेर... नाही हो, कोणालाच नाही सांगितलं. यांना तर मुळीच नाही. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील... तीन दिवसांनी ओढायची ना? मग ती जागी होईल ना मॅडम? माझी सगळी आशा त्याच्यावर आहे."

मी पाय न वाजवता घरात परतलो.

वस्तू! दोरी! ओढली की जागी होणार! अहो, सगळा उलगडा झाला. मी गाय विकायला निघालो, म्हणून माझी बायको, माझी स्वतःची बायको, माझ्या प्रयोगांसाठी नारळ सोलून देणारी विमल, कुठल्यातरी बाईच्या नादी लागून गोठ्यात तंत्रमंत्र करत होती. मांत्रिकाला हल्ली मॅडम म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पण काळ बदललाय, त्यांच्यातही शिकलेल्या असतील.

आता मी करणी मानतो का? छे! पण समजा, फक्त समजा, मानत असतो, तर काय करायचं असतं, एवढं माहीत असायला काय हरकत आहे? म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात दगा आबांकडे गेलो. आबा म्हातारे, बिडी ओढत बांधावर बसलेले. आयुष्यभर मी त्यांच्या भुताखेतांच्या गोष्टी खोडून काढल्या आहेत.

"आबा," मी अगदी सहज म्हणालो, "भाषणासाठी माहिती हवी होती. जनावराला काही केलेलं असेल तर काय करतात?"

आबांनी बिडी तोंडातून काढली. "तुम्हीन ते काही मानतस नही ना सर?"

"नाही नाही. अभ्यास म्हणून."

"अभ्यास." आबांनी बिडी बांधावर घासून विझवली. "वस्तू काढी लेवानी. लिंबू कापी टाकानं. बरोबर दुपारले वाहता पाणीम्हा सोडी देवानी. आनि सर..."

"काय?"

"घर येवापावत मांगे देखानं नही. मांगे कोनी चालनं तरी नही. बलायं तरी नही."

बलायं म्हणजे बोलावलं. मला एकदम बाभळीवरचा तो हात आठवला.

पुढल्या दिवशी विमल बचत गटाच्या मीटिंगला गेली. जाताना तीनदा मागे वळून गोठ्याकडे बघत गेली. दुपार झाली. आमच्याकडची दुपार तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यातसुद्धा बाराला सगळं शिवार गप्प होतं. कावळा नाही, कुत्रं नाही. सोबतीला फक्त स्वतःची सावली उरते.

मी मैनेचं दावं सोडून तिला उजेडात घेतलं आणि मागे जाऊन शेपूट उचलली.

दोरा होता.

निळा. बारीक. मैनेच्या आतून बाहेर आलेला, बोटभर लोंबणारा.

मी त्याला हात लावला. मैनेने रवंथ थांबवली. मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि कान मागे नेले. मी हलकेच ओढला. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटले आणि जोरात ओढलं.

'पच्' असा आवाज झाला, आणि ते माझ्या तळहातावर आलं.

गरम. बुळबुळीत. पांढरं, हाडासारखं. आणि मी बघतोय तोच, बघा हं, मी बघतोय तोच त्याने आपले दोन्ही हात टपकन पसरले!

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच स्वरात बसत नाही. वस्तू खाली पडली आणि मातीत हात पसरून उताणी पडून राहिली. डोकं नव्हतं तिला. पाय नव्हते. नुसतं धड आणि पसरलेले हात.

चिमट्याने उचलली. गुंडाळायला काही सापडेना, म्हणून पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं. होय, तेच. माझा फोटो वर आला. खाली बारीक अक्षरात, 'करणी हे थोतांड'. त्यावर लिंबू कापून ठेवलं, पोह्यांचंच, आणि पुडी घेऊन नदीकडे निघालो.

पऱ्हाटीच्या मधोमध पोचलो असेन, आणि मागे पावलं ऐकू आली.

मी थांबलो. पावलं थांबली.

मी चाललो. पावलं चालली. जड, सावकाश. काड्या मोडत होत्या. मग श्वास ऐकू आला, हुस्स, हुस्स, माणसाचा नाही एवढं नक्की. मागे बघायचं नाही! मी पाठ केलेले सगळे नियम म्हणायला लागलो. न्यूटनचा पहिला आठवला, दुसरा आठवला, तिसऱ्याला मानेवर गरम वाफ आली.

सांगतो ना, मी धावलो. धोतर नेसत नाही हे भाग्य. मागे जे काही होतं तेपण धावलं. नदीच्या काठावर पोचलो, पुडी पाण्यात भिरकावली, आणि त्याच क्षणी काहीतरी ओलं, खरखरीत, लांबलचक माझ्या कानावरून फिरलं.

मी नदीत.

पाणी कमरेएवढं होतं, पण मी बुडण्यात कमी ठेवली नाही. वर आलो तेव्हा काठावर मैना उभी होती. तिने माझ्या खिशातून पडलेला हरभरा वेचून खाल्ला, आणि उरलेल्यासाठी माझ्याकडे बघितलं. दावं मीच सोडलं होतं, आणि बांधायचं मीच विसरलो होतो.

तिच्या पलीकडे दगा आबा उभे होते. अभ्यास कसा चालतो ते बघायला आले होते. "सर," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्हीन मांगे देखं."

आणि तेवढ्यात विमल धावत आली. मीटिंगहून परतली तर गोठा रिकामा. तिला वाटलं, मी मैनेला बाजारात नेलं.

मैना दिसली तसा तिचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर पाण्याकडे गेली. वर्तमानपत्र उलगडून तरंगत होतं, आणि त्याच्यावर, माझ्या फोटोशेजारी, हात पसरून ते पांढरं.

"हाई काय करं तुम्हीन?" ती एवढंच म्हणाली, आणि मटकन काठावर बसली. "उद्या काढनी व्हती ती. मैनाले डॉक्टर मॅडमनी बसाडी दिन्ही व्हती. हार्मोननी शे ती. मन्ही मैना गयी आते."

ती रडायला लागली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मी ओल्या कपड्यांत पाण्यात उभा होतो. खरं सांगतो, भुताची भीती काहीच नाही. त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. एवढी वर्षं लोकांना 'मोकळेपणाने प्रश्न विचारा' म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच बायकोला माझ्यापासून लपून गाईचं औषध करावं लागलं!

पाण्यावरची ती वस्तू मी बाहेर काढली. विमलने फोन लावला. शिंदखेड्याच्या जनावरांच्या डॉक्टर, त्याच त्या 'मॅडम', स्कूटरवर आल्या. आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिका असतील एवढ्या वयाच्या. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"सर," सावरल्यावर म्हणाल्या, "हे रबरी साधन असतं. त्यातून हार्मोन हळूहळू अंगात जातं. बाहेर काढलं की शरीर जागं होतं, गाय माजावर येते. आत घालताना याचे पंख दुमडतात, काढल्यावर उघडतात."

"उघडतात," मी म्हणालो. "बघितलं मी."

"तुम्ही हे उघड्या हातांनी काढलंत? साबणाने धुवा. नीट धुवा."

दगा आबा पुढे झाले. "मॅडम, आते सरले काही व्हई का?"

मॅडम पुन्हा पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

मग एकेक भूत उतरलं. रिंगण म्हणजे गोठा कोरडा राहावा म्हणून टाकलेला चुना. ओघळ म्हणजे जंतुनाशक. आणि हात? मॅडमचा खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा, धुऊन फांदीवर टाकलेला आणि विसरलेला. मला दिसू नये म्हणून विमलने तो पहाटेच उकिरड्याशी पुरला होता.

"पण आता जमेल का?" विमलने विचारलं.

"एकच दिवस आधी निघालंय. बघू या. इंजेक्शन आजच देते." मॅडमनी मैनेच्या पाठीवर थाप मारली. "सरांचा खुराक चांगला लागलाय हिला. अशक्त गाईवर हे चाललं नसतं. पण नुसत्या खुराकाने ती जागी झाली नसती."

मग मैना हंबरली. दोन दिवसांनी, सकाळी सकाळी, असं गळा काढून की पाखरं उडाली. मॅडमनी येऊन कृत्रिम रेतन केलं. पुढचे दोन महिने आम्ही दोघं गोठ्यात हळू आवाजात बोलायचो, उगाच. तपासणीच्या दिवशी मॅडमनी तोच लांब हातमोजा चढवला. मी खांबाला धरून उभा होतो. हात बाहेर आला, आणि त्याची पाच बोटं माझ्याकडे बघून हलली.

"गाभण आहे," मॅडम म्हणाल्या.

विमल मैनेच्या गळ्यात पडून रडली. मी बाहेर जाऊन रडलो. पुरुषमाणूस आहे मी, वर विज्ञानाचा.

इथे किस्सा संपायला हवा ना? पण गावात दगा आबा आहेत! त्यांनी जे पाहिलं ते पारावर सांगितलं. सरांनी हाताने वस्तू काढली, लिंबू कापलं, नदीत सोडली, आणि भाकड गाय गाभण राहिली. यात एक शब्द खोटा आहे का? सांगा!

आता मॅडम गावात बऱ्याच गाईम्हशींना ते साधन बसवतात. काढायच्या दिवशी मालक माझ्या दारात. मी त्यांना ओसरीवर बसवून हार्मोन समजावतो, खुराक समजावतो, चित्र काढून दाखवतो. ते सगळं मान डोलावून ऐकतात, कबूल करतात, आणि मग म्हणतात, "बठ्ठं खरं शे सर. पन दोरा तुम्हीनच वढा. तुमना हात लागना की गुण येस."

मी मॅडमकडे तक्रार केली. तर त्या म्हणाल्या, "ओढा हो सर. निदान जनावर उपचाराला तरी येतं. फक्त हातमोजे घाला."

लोक लिंबू ठेवून जातात. विमलने त्यांचं लोणचं घातलंय. चहाबरोबर दिलेल्या थालीपिठाशेजारी आहे ते तेच, खा बिनधास्त.

आणि नदीवरून येताना अजूनही मला मागे पावलं ऐकू येतात. मैनाच असते ती, हरभऱ्यासाठी येते, त्यात भ्यायचं काय? परवा असाच तिला मागे घेऊन सावकाश घरी आलो. तर मैना गोठ्यात, खुंट्याला बांधलेली. विमल म्हणाली, दिवस भरत आले म्हणून सकाळपासून सोडलीच नाही.

मग माझ्या मागे कोण होतं?

वळून बघितलं असतं तर कळलं असतं. पण नाही बघितलं. उगाच कशाला? मी काही असलं मानत नाही.